उणे भागिले उणे, आणि सरासरी: मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सहावी ते आठवीच्या मुलांना मी गणित शिकवते. दर वर्षी पूर्णांक संख्यांचा भागाकार सुरू झाला की ठरावीक प्रश्न येतात, आणि सरासरीचा धडा आला की त्यांतले निम्मे वेश बदलून परत येतात. काही मुलांनी वर्गात विचारलेले आहेत, काही पालकांनी दाराशी चपला घालता घालता. ते सगळे इथे एकत्र लिहिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच मुलं खरोखर अडतात.

ऋण संख्येला ऋण संख्येने भागलं की उत्तर धन का येतं? शाळेत "नियम आहे" एवढंच सांगितलं.

सिव्हिल कोर्टचं मेट्रो स्थानक डोळ्यांसमोर आणा. ते जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. जमीन म्हणजे शून्य, वर धन, खाली ऋण, असं धरलं तर तळ −३३ वर येतो. आता समजा, ही खोली आपण ११ सारख्या टप्प्यांत उतरलो. एका टप्प्यात किती उतरलो? (−३३) ÷ ११ = −३. प्रत्येक टप्प्याला तीन मीटर खाली. उत्तर ऋण आलं, कारण ते खाली जाणंच आहे.

आता तोच प्रश्न फिरवून विचारा. एका टप्प्यात −३, एकूण −३३, तर टप्पे किती झाले? (−३३) ÷ (−३) = ११. टप्पे अकरा, उणे अकरा नव्हेत. इथे आपण उंची विचारलीच नाही, "किती वेळा" असं विचारलं. शून्यापासून सुरू करून दर वेळी उणे तीन मिळवत गेलो, तर अकराव्या वेळी उणे तेहेतीस येतात. हे समजायला "ऋण गुणिले ऋण बरोबर धन" हा नियमसुद्धा लागत नाही, पुन्हापुन्हा केलेली बेरीज पुरते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण बहुतेक मुलांना वाटतं की या उत्तरामागे काहीतरी जादू आहे. जादू काहीच नाही.

वाण्याच्या वहीचं उदाहरणही चालतं. एकूण उधारी १२० रुपये, प्रत्येक वेळची उधारी ४० रुपयांची. किती वेळा उधार नेलं? (−१२०) ÷ (−४०), म्हणजे तीन वेळा.

आणि ताळा कायम एकच: आलेल्या उत्तराने भाजकाला गुणायचं आणि भाज्य परत मिळतो का ते बघायचं. चिन्हासकट.

ऋण भागिले धन कळलं. पण १२ ÷ (−४) = −३ ला काही अर्थ आहे का, की नुसती आकडेमोड?

अर्थ आहे, पण तो शोधायला थोडं थांबावं लागतं. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दर तासाला ४ सेंटिमीटर उतरतंय, म्हणजे तासाला −४. आत्ता पाणी जिथे आहे तिथे शून्याची खूण करा. पाणी या खुणेच्या १२ सेंटिमीटर वर कधी असेल? पुढे कधीच नाही, ते तर उतरतंय. ते तीन तासांपूर्वी तिथे होतं. "तीन तासांपूर्वी" म्हणजेच −३ तास. भागाकाराने वजा चिन्ह देऊन आपल्याला मागे बघायला सांगितलं.

एकदा एका मुलीने हे ऐकून लगेच विचारलं, "मग खुणेच्या खाली १२ असेल तेव्हा?" (−१२) ÷ (−४) = ३, तीन तासांनंतर. चारही प्रकार एकाच टाकीतून निघतात. घरी ही टाकी कागदावर काढून बघा.

"मायनस मायनस प्लस" एवढं पाठ केलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. मुलं −४ − ३ चं उत्तर बिनदिक्कत ७ लिहितात. विचारलं तर म्हणतात, "दोन मायनस आहेत ना!" बेरीज-वजाबाकीचं गणित आहे की गुणाकार-भागाकाराचं, हे या तीन शब्दांच्या मंत्रात कुठेच येत नाही. −४ − ३ म्हणजे चार पायऱ्या खाली असताना आणखी तीन उतरणं. उत्तर −७.

मराठीत आपल्याकडे यावर सुंदर सोय आहे आणि आपण ती वापरत नाही. संख्येच्या अंगच्या चिन्हाला "उणे" म्हणायचं आणि क्रियेला "वजा". −४ − ३ हे वाचा "उणे चार वजा तीन". ५ − (−३) हे वाचा "पाच वजा उणे तीन". कानाला लगेच कळतं की एक गोष्ट संख्या आहे आणि दुसरी करायची कृती आहे. सेमी-इंग्रजीत शिकणारी मुलं दोन्हींना मायनस म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. त्यांनीही मनातल्या मनात मराठीत वाचावं, असं मी आग्रहाने सांगते. वहीत काय लिहिता याने फरक पडत नाही, कसं वाचता याने पडतो.

गुणाकार-भागाकारापुरतं लक्षात ठेवायचंच असेल तर असं ठेवा: दोन्ही संख्यांची चिन्हं सारखी तर भागाकार धन, वेगळी तर ऋण. हे वाक्य थोडं लांब आहे, पण पूर्ण आहे.

हे नियम कोणी ठरवले?

लेखी स्वरूपात ते सुमारे १४०० वर्षांपूर्वी आपल्याकडेच मिळतात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या "ब्राह्मस्फुटसिद्धान्त" ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजेपासून भागाकारापर्यंतचे नियम दिले आहेत. धनाला धनाने किंवा ऋणाला ऋणाने भागलं तर धन, एक धन आणि एक ऋण असेल तर ऋण. आज सातवीचं मूल जे शिकतं, तेच. "ऋण" हा शब्दच बघा ना, कर्ज हा त्याचा अर्थ अजून जिवंत आहे.

शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, असंही ब्रह्मगुप्ताने म्हटलं आहे. ते आज आपण मानत नाही.

(−५) ÷ ० किती?

उत्तर नाही. शून्याला कशानेही गुणलं तरी −५ येणार नाहीत, म्हणून शून्याने भागता येत नाही. ० ÷ (−५) मात्र शून्य. शून्य कोणत्या बाजूला आहे ते नीट बघा, परीक्षेत घाईघाईत उलटं होतं.

(−७) ÷ २ ला भाग जात नाही. बाकी काय लिहायची?

शाळेच्या गणितात −७/२ किंवा −३.५ लिहा. दोन पूर्णांकांचा भागाकार दर वेळी पूर्णांकच येईल असं नाही, आणि म्हणूनच पुढच्या धड्यात परिमेय संख्या येतात.

आठवीतल्या एका मुलाने संगणकावर करून बघितलं आणि गोंधळून आला, त्याच्यासाठी जास्तीचं: पायथॉन भाषेत −७ // २ (// म्हणजे पूर्णांकात उत्तर देणारा भागाकार) चं उत्तर −४ येतं आणि बाकी १. सी भाषेत हेच पूर्णांक भागले तर उत्तर −३ आणि बाकी −१. दोन्ही ठिकाणी ताळा जुळतो: २ × (−४) + १ = −७, आणि २ × (−३) − १ = −७. एक भाषा संख्यारेषेवर डावीकडच्या पूर्णांकाला जाते, दुसरी शून्याच्या दिशेच्या. चूक कोणाचीच नाही, त्यांनी बाकीचा संकेत वेगवेगळा ठरवला आहे.

सरासरी म्हणजे नेमकं काय? सूत्र येतं, पण अर्थ विचारला की मुलगा गप्प बसतो.

सरासरी म्हणजे सपाट करणं. उंचवट्यावरची माती खड्ड्यात ओढून सगळं एका पातळीला आणलं, की जी पातळी येते ती.

हा अर्थ मी भास्कराचार्यांच्या "लीलावती"वरून सांगते. इ. स. ११५० च्या या ग्रंथात खोदकामाच्या हिशेबाचं एक प्रकरण आहे. खड्ड्याची रुंदी सगळीकडे सारखी नसेल तर काय करायचं? अनेक ठिकाणी मोजायची, मापांची बेरीज करायची, आणि जितक्या ठिकाणी मोजलं त्या संख्येने भागायचं. लांबीचं आणि खोलीचंही तसंच. जे माप येतं त्याला त्यांनी "सममिती" म्हटलं आहे. म्हणजे ओबडधोबड खड्ड्याच्या जागी तितकीच माती निघेल असा सरळ भिंतींचा खड्डा मनात धरायचा. आपलं सरासरीचं सूत्र हेच आहे.

पण सपाट केलेली पातळी प्रत्यक्षात कुठे असेलच असं नाही. आपल्या धरणांकडे बघा. खडकवासला प्रकल्पातली चार धरणं आणि त्यांचा उपयुक्त साठा: खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). बेरीज २९.१५. चाराने भागलं की सरासरी साधारण ७.२९ टीएमसी. यांतलं एकही धरण सातच्या आसपास नाही! दोन मोठी, दोन लहान. सरासरी बरोबर काढली म्हणून चित्र कळलं असं नाही, हे मुलांना लवकर दाखवावं असं माझं मत आहे. पावसाळ्यात रोज पेपरात हे आकडे येतातच.

−६, −८, −१० यांची सरासरी काढताना −३ ने भागायचं का? संख्या ऋण आहेत म्हणून मुलगी (−२४) ÷ (−३) = ८ करते.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि या दोन धड्यांची गाठ इथेच आहे.

भास्कराचार्यांच्या खड्ड्यात परत उतरू. तीन ठिकाणी खोली मोजली: जमिनीच्या खाली ६, ८ आणि १० हात, म्हणजे आपल्या चिन्हांत −६, −८, −१०. बेरीज −२४. भागायचं कशाने? "जितक्या ठिकाणी मोजलं" त्या संख्येने. ठिकाणं तीन आहेत. उणे तीन ठिकाणी जाऊन कोणी मोजमाप घेत नाही. म्हणून (−२४) ÷ ३ = −८. आणि उत्तर पटतंही: तिन्ही मापं जमिनीखालची असताना सपाट केलेला तळ जमिनीच्या वर ८ हात कसा येईल?

तेव्हा सरासरीत भाजक नेहमी धनच असतो, कारण तो मोजणीचा आकडा आहे. यातून एक सोपी गोष्ट निघते: सरासरीचं चिन्ह हे बेरजेचं चिन्ह. बेरीज ऋण तर सरासरी ऋण, बेरीज धन तर धन, बेरीज शून्य तर शून्य. सरासरीच्या शेवटच्या पायरीवर "ऋण भागिले ऋण" कधीच येत नाही. मुलीच्या वहीत तसं दिसलं तर चूक भागाकाराची नाही, मोजणीची आहे. तिला भागाकाराचा नियम पुन्हा समजावू नका. "किती संख्या आहेत?" एवढंच विचारा.

आणखी एक ताळा: सरासरी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या संख्येच्या मध्येच कुठेतरी पडते. ८ ही संख्या −१० आणि −६ च्या मध्ये नाही, म्हणजे कुठेतरी चुकलं.

मध्ये एखादी संख्या शून्य असेल तर ती सोडून द्यायची का?

नाही. बेरजेत शून्याने फरक पडत नाही, पण मोजणीत पडतो.

उदाहरणासाठी शिवाजीनगरच्या हवामान खात्याकडे जाऊ. जुने पुणेकर त्याला अजून "सिमला ऑफिस" म्हणतात, कारण खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं होतं. पुण्याचं तापमान शून्याखाली जात नाही. आजवरचा नीचांक १.७ अंश सेल्सिअस, जानेवारी १९३५ मधला. तरीही ऋण संख्या आपल्याला हिवाळ्यात रोज पेपरात भेटतात: "किमान तापमान सरासरीपेक्षा ३ अंशांनी कमी". हे −३ झालं. ज्या सरासरीशी तुलना होते, ती ३० वर्षांच्या नोंदींवरून काढलेली असते.

समजा एका आठवड्यातले हे फरक असे आहेत (आकडे मी सरावासाठी घेतले आहेत): −३, −२, ०, १, −१, −४, २. बेरीज −७. भागायचं सातने, सहाने नव्हे. शून्याचा दिवस म्हणजे त्या दिवशी थंडी बरोबर सरासरीइतकी होती, तो दिवस उगवलाच नाही असं नाही. (−७) ÷ ७ = −१. आठवडा सरासरीपेक्षा एका अंशाने थंड गेला.

कॅल्क्युलेटरवर उत्तर वेगळंच का येतं?

कंसाशिवाय टाकल्यामुळे. −६ − ८ − १० ÷ ३ असं ओळीने लिहिलं तर शास्त्रीय कॅल्क्युलेटर आधी १० ÷ ३ करतो, आणि उत्तर −१७.३३ येतं. "कंचेभागुबेव" आठवा, भागाकार बेरीज-वजाबाकीच्या आधी. बेरीज कंसात ठेवा, किंवा आधी बेरीज पूर्ण करून मग भागा. वहीतही हीच चूक होते.

मोठ्या संख्यांची सरासरी तोंडी काढता येते का?

येते, आणि इथे ऋण संख्यांचा भागाकार खऱ्या अर्थाने कामाला लागतो. मला स्वतःला ही रीत फार आवडते. माझे वडील दुधाचा आणि विजेच्या युनिटांचा हिशेब असाच करायचे, नाव माहीत नसताना. दहावीत हिचं थोरलं रूप "गृहीतमध्य पद्धत" म्हणून भेटतं, पण सातवीच्या मुलाला ती सहज जमते.

पाच मुलींच्या उंच्या सेंटिमीटरमध्ये: १४८, १५२, १४५, १५१, १४४. अंदाजाने १५० ही सरासरी मानू. प्रत्येकीचा १५० पासूनचा फरक: −२, २, −५, १, −६. बेरीज −१०. (−१०) ÷ ५ = −२. म्हणजे आपला अंदाज २ ने जास्त होता. खरी सरासरी १५० − २ = १४८. सगळ्या उंच्या मिळवून बघा: ७४० ÷ ५ = १४८.

अंदाज कोणताही धरला तरी चालतो. १४० धरलात तर फरक सगळे धन येतील: ८, १२, ५, ११, ४, बेरीज ४०, भागिले ५ म्हणजे ८, आणि पुन्हा १४८. मुलांना मुद्दाम वेगवेगळे अंदाज धरायला लावा. पाच जणांचे पाच अंदाज आणि उत्तर एकच, हे बघताना त्यांचे चेहरे खुलतात.

आणि अंदाज नेमका १४८ चाच धरला तर? फरक ०, ४, −३, ३, −४. बेरीज शून्य. खऱ्या सरासरीपासूनचे फरक नेहमी एकमेकांना फेडून टाकतात. काढलेली सरासरी तपासायला याहून चांगला ताळा मला माहीत नाही.

सरासरी दिली आहे, एक संख्या गायब आहे. कुठून सुरुवात करायची?

एकूण बेरजेपासून. चार दिवसांच्या फरकांची सरासरी −२, तीन दिवसांचे फरक −५, १, −६. चौथा? एकूण बेरीज ४ × (−२) = −८. तिघांची बेरीज −१०. चौथा = −८ − (−१०), वाचा "उणे आठ वजा उणे दहा", म्हणजे −८ + १० = २.

दोन तुकड्यांच्या सरासरींची सरासरी घेतली तर चालते ना?

तुकड्या सारख्या संख्येच्या असतील तरच. ४० मुलांची सरासरी १५ गुण आणि २० मुलांची १२ असेल, तर एकत्र सरासरी १३.५ नाही. एकूण गुण ६०० + २४० = ८४०, मुलं ६०, सरासरी १४.

वेगातही हाच फसवा रस्ता आहे. पुणे ते लोणावळा साधारण ६० किलोमीटर धरू. जाताना गर्दीमुळे ताशी ३०, येताना ताशी ६०. सरासरी ताशी ४५ वाटते, पण जाताना २ तास लागले आणि येताना १. एकूण १२० किलोमीटर, ३ तास, म्हणजे ताशी ४०. हळू वेगात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकली.

मध्य, मध्यक आणि सरासरी एकच का?

मध्य म्हणजे सरासरीच. मध्यक म्हणजे संख्या चढत्या क्रमाने मांडल्यावर मधली येणारी. ऋण संख्या मांडताना −१० आधी, −६ नंतर, हे विसरू नका.

सरावाला काही द्याल का?

तीन देते. प्रत्येकात उत्तराचं चिन्ह आधी मोठ्याने सांगायचं, मगच आकडेमोड.

१. (−८४) ÷ (−७).
२. −९, ४, ०, −७, २ यांची सरासरी.
३. चार संख्यांची सरासरी −३ आहे. प्रत्येक संख्येला −२ ने गुणलं, तर नवी सरासरी किती?

पहिल्याचं उत्तर १२. दुसऱ्याचं: बेरीज −१०, संख्या ५, सरासरी −२. तिसऱ्यात संख्या दिल्याच नाहीत म्हणून मुलं पेन खाली ठेवतात. बेरीज मात्र आपल्याला माहीत आहे: ४ × (−३) = −१२. प्रत्येक संख्या −२ पट झाली तर बेरीजही −२ पट होईल, म्हणजे २४, आणि २४ ÷ ४ = ६. विश्वास बसत नसेल तर −१, −२, −४, −५ घेऊन करून बघा. मग −१२ बेरीज येणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही चार संख्या स्वतः शोधा, आणि पुन्हा करा.